‘द वेडिंग बँक्वेट’ : स्थलांतरित समलिंगी जीवनातील समायोजन आणि त्याची किंमत

परदेशी स्थायिक झालेल्या समलिंगी व्यक्तीचे समायोजन म्हणजे घरची बंधने मागे टाकून मोकळ्या समाजात सामावणे, असे बहुधा गृहीत धरले जाते. आंग ली दिग्दर्शित ‘द वेडिंग बँक्वेट’ (१९९३) हा चित्रपट या गृहीतकाला छेद देतो. मात्र तसे करताना एका व्यक्तिरेखेवर त्याच्याकडून अन्यायही होतो.

नायक वायतुंग हा तैवानहून आलेला आणि अमेरिकेचे नागरिकत्व मिळविलेला न्यूयॉर्कमधील घरमालक. जोडीदार सायमनसमवेत तो राहतो. आईवडिलांचा लग्नाचा आग्रह शमविण्यासाठी तो वेवे या शांघायहून आलेल्या आपल्या भाडेकरू चित्रकर्तीशी नाममात्र विवाह करतो. तिला त्यातून ग्रीन कार्ड हवे असते. येथे कायद्याची बाजू ध्यानात घेणे अगत्याचे आहे. समलिंगी परदेशीयांना प्रवेश नाकारण्याचा आधार अमेरिकेने १९९० च्या कायद्याने काढून टाकला. परंतु समलिंगी विवाहाच्या आधारे जोडीदारास कायम वास्तव्याचा हक्क मिळण्यास २०१३ साल उजाडावे लागले. म्हणजे चित्रपटाच्या काळातील राज्यसंस्था लटक्या लग्नाला मान्यता देते आणि खऱ्या सहजीवनाची दखलही घेत नाही. लपविण्याची सक्ती केवळ तैवानी घराची नाही, ती या ‘मुक्त’ देशाचीही आहे.

आईवडील येण्यापूर्वी घर आवरण्याचा प्रसंग या दृष्टीने मार्मिक ठरतो. नव्या देशात उभारलेल्या संसाराच्या खुणा भिंतींवरून उतरतात, त्यांच्या जागी चिनी सुलेखनाचे पट चढतात. पुढे स्वयंपाक सायमन करतो आणि कौतुक सुनेचे होते. प्रेक्षक हसतो खरा, पण ‘जुळवून घेणे’ येथे स्थलांतरिताच्या नव्हे, तर मूळच्या अमेरिकी जोडीदाराच्या वाट्याला आले आहे.

चित्रपटाचे मर्म वडिलांच्या मौनात आहे. इंग्रजी कळत नाही असे सर्वांनी धरून चाललेले हे निवृत्त सेनाधिकारी एकांतात सायमनच्या हाती आहेराचे लाल पाकीट ठेवतात, त्याच्याशी इंग्रजीतच बोलतात आणि आपल्याला सारे ठाऊक आहे हे कोणासही न सांगण्यास बजावतात. हा स्वीकारच आहे, फक्त उच्चाररहित. ‘सत्य उघड करणे म्हणजेच मुक्ती’ ही पाश्चात्त्य धारणा या एका प्रसंगात अपुरी ठरते.

तथापि ही तडजोड उभी आहे ती वेवेच्या देहावर. वडिलांना नातवंड हवे असते, आणि ते तिच्या पोटी वाढते. मूल ठेवण्याचा निर्णय चित्रपट तिच्याकडे सोपवितो हे मान्य. पण कागदपत्रांविना, भाडे थकलेल्या स्त्रीपुढे घरमालकाच्या तुलनेत किती पर्याय होते, हा प्रश्न तो विचारीत नाही. दोघेही स्थलांतरितच, तरी त्यांचे समायोजन एका मोलाचे नाही. तिच्या चित्रकर्ती असण्यालाही पुढे कथानकात फारसे स्थान उरत नाही.

अखेरीस विमानतळावरील तपासणीत वडील दोन्ही हात वर करतात. ते दृश्य शरणागतीचे म्हणून वाचता येते. परंतु वडील निदान विमानात बसून स्वगृही परततात. वेवे मागे राहते.