‘ती बोट’ आणि त्या बोटी

युद्धपट पाहावयास येणाऱ्या प्रेक्षकाची एक सोय चित्रपटकर्ते नेहमीच पाहत आले आहेत. पडदा उजळल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत आपली माणसे कोणती आणि परकी कोणती, हे त्याला कळून चुकते. मग परक्यांची जहाजे बुडाली तर टाळ्या आणि आपल्यांचे बुडाले तर हळहळ, असा सरळ हिशेब चालतो. पाणबुडीवरच्या चित्रपटांत तर हा हिशेब आणखीच सोपा होतो. आपल्याला एका लोखंडी नळकांड्यात बसवून दार बंद केलेले असते. आत असतील ते आपले, बाहेर असतील ते वैरी. ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ (१९९०) या चित्रपटात रशियन कप्तानाच्या मनात काय आहे, हे कोडे आहे. ‘क्रिम्झन टाइड’ (१९९५) मध्ये अर्धवट हाती आलेल्या एका संदेशावरून दोन अधिकाऱ्यांची जुंपते. दोन्ही चित्रपट रंगतदार आहेत. ते पाहताना मन गुंतते, संपले की मोकळे होते, आणि घरची मंडळी पाने वाढायला घेतात.

वोल्फगांग पेटरसन या जर्मन दिग्दर्शकाचा ‘दास बोट’ (१९८१) हा चित्रपट पाहून इतक्या मोकळेपणाने पानावर बसता येत नाही. याचे कारण शोधावे, एवढ्यासाठीच हा लेख.

‘दास बोट’ म्हणजे ‘ती बोट’. जर्मन भाषेतला हा शब्द आपल्या कानाला मुळीच परका वाटू नये. कोकणात एखाद्याचा मुलगा काय करतो असे विचारले, तर ‘बोटीवर असतो’ असे उत्तर पिढ्यान् पिढ्या मिळत आले आहे. या उत्तराकडे आपल्याला पुढे परत यावयाचे आहे.

चित्रपटाला आधार आहे तो लोथार-ग्युन्टर बुखहाइम यांच्या १९७३ सालच्या कादंबरीचा. बुखहाइम हे १९४१ साली युद्धवार्ताहर म्हणून ‘यू-९६’ या खऱ्या पाणबुडीवर गेले होते. चित्रपटातही वेर्नर नावाचा एक तरुण वार्ताहर फ्रान्समधल्या ला रोशेल बंदरातून या बोटीवर चढतो आणि त्याच्या डोळ्यांनी आपण आत शिरतो. आत पन्नासेक माणसे. दोन शौचकुपांपैकी एकात शिधा ठासून भरलेला, म्हणून साऱ्यांना मिळून एकच. पाव, सॉसेजे आणि लिंबे यांच्यामधून वाट काढीत चालावयाचे. एक पहारेकरी उठला की त्याच्या ऊबदार बिछान्यात दुसऱ्याने शिरावयाचे. चित्रपटाच्या आरंभी चार ओळी झळकतात: या युद्धात चाळीस हजार जर्मन खलाशी पाणबुड्यांवर गेले, त्यांतले तीस हजार परतले नाहीत. ही संख्या डोक्यात ठेवूनच आपण त्या दाढीमिशा न फुटलेल्या पोरांच्या चेहऱ्यांकडे पाहू लागतो.

आता या चित्रपटाच्या आवृत्त्यांविषयी सांगणे भाग आहे. कारण घरी तबकडी आणून पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच. चित्रपटगृहांत १९८१ साली दाखविला गेला तो सुमारे अडीच तासांचा. पुढे १९८५ साली जर्मन दूरचित्रवाणीवर तीन भागांत दाखविला गेला तो सुमारे पाच तासांचा. आणि १९९७ साली दिग्दर्शकाने पुन्हा जुळणी करून, ध्वनी नव्याने बसवून साडेतीन तासांची तिसरी आवृत्ती केली. तिन्ही आवृत्त्या घरगुती पाहणीसाठी निघालेल्या आहेत. सामान्यतः लांबलेला चित्रपट म्हणजे पाणी घातलेले ताक, असा आपला अनुभव असतो. येथे तो उलटा येतो. अडीच तासांच्या आवृत्तीत संकटामागून संकट येते आणि आपण एक थरारपट पाहतो. पाच तासांच्या आवृत्तीत संकटे तेवढीच आहेत. वाढला आहे तो त्यांच्यामधला काळ. समुद्र रिकामा, शत्रूचा पत्ता नाही, त्याच गलिच्छ विनोदांची चौथी फेरी, ओल्या कपड्यांना चढलेली बुरशी, आणि दिवसेंदिवस न शमणारे वादळ. कंटाळा हा युद्धाचा फार मोठा भाग आहे आणि तो दाखवावयाचा तर वेळ खर्च करावाच लागतो. हा खर्च चित्रपटगृहाला परवडत नाही. घरच्या पडद्याला परवडतो.

या कंटाळ्यात आणखी एक गोष्ट साधते. आपण त्या पोरांसारखेच शिकारीला आसुसतो. कधी एकदा जहाजांचा तांडा दिसेल, असे आपल्यालाही होऊन जाते. दिग्दर्शकाने आपल्यासाठी सापळा लावला आहे तो येथे.

तांडा एकदाचा दिसतो. रात्रीच्या अंधारात टॉर्पेडो सुटतात, सेकंद मोजले जातात, दूरवर स्फोटाचे आवाज होतात आणि बोटीत आनंदाची लाट उसळते. मग पाठलागावर आलेल्या विनाशिका आपला सूड उगवू लागतात. हा भाग म्हणजे ध्वनिलेखनाचा वस्तुपाठ आहे. वरून शोध घेणाऱ्या ध्वनिलहरी बोटीच्या पाठीवर आपटतात, त्यांचा आवाज काचेच्या पेल्यावर नखाने टिचकी मारावी तसा. आधी तुरळक, मग जवळजवळ. सारे जण श्वास रोखून वर पाहत राहतात, जणू पोलादी छताआडचा समुद्र त्यांना दिसतो आहे. दिसत काहीच नाही. शत्रूचा चेहरा नाही, जहाज नाही. फक्त आवाज, आणि कप्तानाच्या डोळ्यांची उघडझाप. योस्ट व्हाकानो या छायालेखकाने हातातला कॅमेरा घेऊन त्या अरुंद बोळातून, गोल दारांमधून अक्षरशः धावत चित्रण केले आहे. बोटीचा अंतर्भाग म्युनिकजवळच्या स्टुडिओत खऱ्या मापाने उभारला होता आणि तो यंत्राने हेलकावता येत असे. भिंती हलवून कॅमेऱ्याला ऐसपैस जागा करून देण्याचा मोह टाळल्यामुळे प्रेक्षकालाही कोपर आपटल्याचा भास होतो. दिवाळीत बाहेर फटाके वाजत असताना हा भाग पाहू नये. कोणता आवाज कोणाचा, याचा घोटाळा व्हावयाचा.

हे सारे उत्तम आहे, तथापि चित्रपटाचे मोठेपण यात नाही. ते पुढच्या काही मिनिटांत आहे. कित्येक तासांनी बोट वर येते. टॉर्पेडो लागलेले तेलवाहू जहाज अजून जळतच आहे. कप्तान ते कायमचे बुडविण्यासाठी आणखी एक टॉर्पेडो सोडावयास सांगतो. जहाज फुटते आणि ज्वाळांच्या उजेडात दिसते, की डेकवर माणसे आहेत. इतक्या तासांत त्यांना कोणी उचललेच नव्हते. माणसे पेटत्या पाण्यात उड्या टाकतात, काही पोहत पाणबुडीकडे येऊ लागतात, हाका मारतात. बोटीत जागा नाही, पकडलेल्या माणसांना ठेवावयाची सोय नाही. कप्तान बोट मागे घ्यावयास सांगतो. शिडीवरचे खलाशी रडकुंडीला येतात. आणि थोड्या वेळापूर्वी स्फोटाचा आवाज ऐकून ज्याला बरे वाटले होते, तो प्रेक्षक स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, ओशाळून बसतो. आत असतील ते आपले, हा हिशेब तेथे कोसळतो.

आता चित्रपटाचे उणेही सांगावयास हवे. पेटरसन यांनी कप्तानाची भूमिका युर्गेन प्रोख्नोव यांच्याकडून फार तोलून करवून घेतली आहे. थकलेले, निळे, कडवट डोळे. राज्यकर्त्यांविषयी उघड तिरस्कार. शत्रूविषयी द्वेष नाही. बोटीवर मनापासून नाझी असा अधिकारी जवळजवळ एकटाच, आणि तो सगळ्यांच्या टिंगलीचा विषय. भर समुद्रात इंग्रजांचे ‘टिपरारी’चे गाणे ग्रामोफोनवर लावून साऱ्यांनी गावे, त्या अधिकाऱ्याचे तोंड तेवढे उतरावे. प्रसंग गोड आहे, परंतु फार सोयीचा आहे. सारे पाप एका माणसाच्या खाती मांडले की बाकीचे एकोणपन्नास केवळ बिचारे उरतात. मूळ लेखक बुखहाइम यांनाही चित्रपट पसंत पडला नव्हता. आपल्या कादंबरीतला युद्धाचा धिक्कार पातळ होऊन त्याचा साहसपट झाला, अशी त्यांची तक्रार होती. ही तक्रार सर्वस्वी मान्य करण्याचे कारण नाही, तरी ती अगदी पोकळही नाही. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत दोनशेऐंशी मीटर खोल तळाशी बसलेली बोट दुरुस्त करण्याची ती जीवघेणी धडपड पाहताना, वर ज्यांना आपण जळताना पाहिले ती माणसे आपण केव्हा विसरलो, हे कळतही नाही. चित्रपटाने ती एकदाच दाखविली. पुन्हा आठवण करून दिली नाही.

ती आठवण आपण ठेवावयाची, आणि येथेच ‘बोटीवर असतो’ हे उत्तर परत येते. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांनी बुडविलेल्या व्यापारी जहाजांपैकी पुष्कळशी ब्रिटिश निशाणाची होती, पण त्यांवरची माणसे सारी ब्रिटिश नव्हती. कोळसा ओढणारे, इंजिनखोलीत तेल घालणारे, दोर ओढणारे, रांधणारे आणि वाढणारे कितीतरी हात हिंदुस्थानी होते: सिल्हेटचे, गुजरातेतले, आणि आपल्या रत्नागिरीचे व गोव्याचेही. सप्टेंबर १९४० मध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ हे प्रवासी जहाज ‘यू-४८’ या पाणबुडीने बुडविले. बाँबवर्षावापासून वाचविण्यासाठी कॅनडाला नेली जाणारी सत्त्याहत्तर मुले त्यात गेली, म्हणून इंग्लंडमध्ये ती घटना अजून विसरलेली नाही. त्याच जहाजावरच्या अनेक हिंदुस्थानी खलाशांनीही त्याच थंड पाण्यात प्राण सोडले, हे सांगणारे थोडे. त्या युद्धात हिंदुस्थानी व्यापारी जहाजसेवेतले सुमारे सहा हजार खलाशी कामी आले. त्यांची नोंद मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशीगृहातील स्मृतिग्रंथात आहे. पाणबुडीवरचे तीस हजार चित्रपटाच्या पहिल्याच ओळीत येतात. हे सहा हजार कोणत्याही पडद्यावर येत नाहीत.

याचा अर्थ ‘दास बोट’ पाहू नये असा मुळीच नाही. पराभूत राष्ट्राच्या एका दिग्दर्शकाने आपल्याच खलाशांना बुडणाऱ्या माणसांच्या हाका ऐकावयास लावल्या, ही लहान गोष्ट नव्हे. जेत्यांच्या चित्रपटांतही असा प्रसंग सहसा सापडत नाही. म्हणून भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले, की पाच तासांची आवृत्ती मिळवून तीन रात्रींत ती पाहावी. लहान मुलांना आधी निजवावे. आरंभीचा मद्यालयातला धिंगाणा त्यांच्यासाठी नाही आणि पुढचे भय तर नाहीच. मूळ जर्मन आवाज ठेवून खाली इंग्रजी अक्षरे घ्यावीत. दबक्या आवाजातल्या त्या आज्ञांची धार दुसऱ्या भाषेत उतरत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना अक्षरे वाचणे जड जात असेल, तर एकाने हळू आवाजात सांगत जावे. संभाषण मुळात थोडे आहे.

घरच्या यंत्राला थांबविण्याची कळ असते. एरवी ती चित्रपटाचा रसभंग करते, आणि पाणबुडीच्या चित्रपटात तर घुसमटीलाच भोक पाडते. म्हणून इतर कोठेही तिला हात लावू नये. मात्र तेलवाहू जहाज जळत असताना, ती माणसे पाण्यात उड्या टाकीत असताना, क्षणभर ती दाबून त्या अंधुक आकृतींकडे नीट पाहावे. चित्रपटाने त्यांना चेहरे दिलेले नाहीत आणि नावेही नाहीत. कोणाच्या तरी घरी, कोणत्या तरी बंदराकाठी, त्यांच्याविषयी विचारणाऱ्याला ‘बोटीवर असतो’ एवढेच सांगितले जात असेल.