विमा-व्यवसायाची कार्यक्षमता : एका मोजमापाची चिकित्सा

विमा-व्यवसायासंबंधीच्या अर्थशास्त्रीय लेखनात कार्यक्षमता, रचना आणि जोखीम ह्या तीन संज्ञा जोडीने येतात. परंतु पहिलीचे माप घेताना तिसरीचा विसर पडतो, हा त्या लेखनातील मोठा दोष होय. शंभर रुपयांच्या हप्त्यामागे व्यवस्थापन व दलाली ह्यांवर किती खर्च झाला, हे पाहून संस्थेची कार्यक्षमता ठरविली जाते. कापडगिरणीच्या बाबतीत असे माप चालेल, कारण तिचा माल मोजता येतो. विमा कंपनीचा माल म्हणजे वचन, आणि ते पाळण्याचा प्रसंग वीस वर्षांनी येतो किंवा येतही नाही.

पुण्याच्या बुधवार पेठेपुरतेच आगीचे विमे उतरविणारी एखादी कंपनी कल्पून पाहावी. तिचा एकच कारकून पायी फिरून सारे हप्ते गोळा करील, आणि खर्चाचे प्रमाण हेवा वाटावा इतके अल्प राहील. पण ही पेठ भिंतीला भिंत लागलेल्या, लाकडी खांब-तुळयांच्या वाड्यांची होती. तेथे एका घराची आग ही सबंध आळीची आग. विमाशास्त्राचा आधार असलेला मोठ्या संख्येचा नियम अशा ठिकाणी लंगडा पडतो. घरे शंभर, पण जोखीम एकच. पेशवाईतील बुधवार वाडा मे 1879 मध्ये आगीत भस्मसात झाला, आणि ती आग लावलेली होती. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांवर एकाच दिवशी एकच संकट कोसळले. प्रत्येक घराचे नशीब निराळे असते हे गृहीत अशा दिवशी टिकत नाही. मृत्यूचा विमा ह्या बाबतीत अधिक सुरक्षित मानला जातो, पण 1897 च्या प्लेगचे पुणे आठवले की तेथेही हात आखडावा लागतो.

उलट पुणे, नागपूर, कोल्हापूर येथे विखुरलेली शंभर घरे घेणारी कंपनी अधिक खर्च करील, आणि रूढ मापाने ‘अकार्यक्षम’ ठरेल. वस्तुतः तो जादा खर्च म्हणजेच तिने विकत घेतलेली सुरक्षितता होय.

व्यवसायाच्या रचनेचा प्रश्न येथेच उद्भवतो. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ह्यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. 154 भारतीय व 16 परदेशी कंपन्या आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या त्याखाली आल्या, व 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. इतक्या लहान संस्थांचे एकत्रीकरण जोखमीच्या दृष्टीने समर्थनीयच होते. मात्र जोखीम फक्त मृत्यूची नसते, गुंतवणुकीचीही असते. 1957 मध्ये महामंडळाने मुंदडा ह्यांच्या कंपन्यांच्या भागांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविले. न्या. छागला ह्यांच्या चौकशीनंतर अर्थमंत्री कृष्णम्माचारी ह्यांना 1958 मध्ये पद सोडावे लागले. विमेदारांची जोखीम विखुरली, पण निर्णयाची जोखीम एका दालनात गोळा झाली. समर्थकांनी पहिली बाजू पाहिली, टीकाकारांनी दुसरी. दोन्ही एका ताळेबंदात मांडण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

मराठीत ‘जोखीम’ म्हणजे केवळ धोका नव्हे. दागिने अंगावर घेऊन प्रवासास निघालेली बाई ‘बरोबर जोखीम आहे’ असे म्हणते, तेव्हा तिला ते सोनेच अभिप्रेत असते. धोका आणि सांभाळावयाचा ऐवज ही एकाच शब्दाची दोन टोके. ‘कार्यक्षमता’ ह्या घडविलेल्या संज्ञेत ऐवजाचे हे भान मुळीच उतरलेले नाही.

आगीच्या विम्याचे दर 1 जानेवारी 2007 रोजी नियंत्रणमुक्त झाल्यावर स्पर्धेने ते झपाट्याने उतरले, आणि हे कार्यक्षमतेचे लक्षण मानले गेले. शोधनक्षमतेचे प्रमाण किमान दीडपट असावे हा नियामकाचा दंडक ह्या उत्साहाला काहीसा आवर घालतो. तरी जुन्या लाकडी वाड्याचा अर्ज परत करून नव्या सिमेंटच्या इमारतीच घेणारी कंपनी खर्चाच्या आणि दाव्यांच्या तक्त्यात वरचे स्थान मिळवीलच. परत केलेल्या अर्जांना त्या तक्त्यात रकाना नाही.