गळलेले पान : योगायोग, संकेत आणि अर्थनिर्णयन

टॅरोचे पत्ते पिसत असताना एखादे पान हातातून निसटून खाली पडते. ते उचलून पुन्हा गठ्ठ्यात मिसळावे, की काही सांगण्यासाठीच ते पडले असे मानून वाचावे, याविषयी टॅरो वाचणाऱ्यांत एकमत नाही. काही जण या गळलेल्या पानाला मांडणीतील पानांहूनही अधिक मान देतात. मांडणीतले पान माणसाने काढलेले असते, गळलेले पान कोणीच काढलेले नसते, असा त्यांचा युक्तिवाद. निवडीचा अभाव हीच येथे सत्याची खूण ठरते. हा युक्तिवाद भविष्यकथनापुरता मर्यादित नाही. लेखकाच्या हातून निसटलेला शब्द त्याने जाणीवपूर्वक योजलेल्या शब्दापेक्षा अधिक बोलका असतो, अशी धारणा साहित्यसमीक्षेतही दृढ आहे. म्हणून त्याची तपासणी समीक्षेच्या दृष्टीनेही अगत्याची ठरते.

टॅरोच्या संचात ७८ पाने असतात : २२ मोठी आणि ५६ छोटी. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा संच खेळासाठी तयार झाला. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने त्याचा संबंध प्राचीन इजिप्तच्या गूढविद्येशी जोडला. या जोडणीला ऐतिहासिक आधार नव्हता. तरीही पुढे पानापानाला भविष्यसूचक अर्थ चिकटत गेले. म्हणजे पानांचे अर्थ ही माणसांनी कालौघात घडवलेली संकेतव्यवस्था आहे. गळण्याला मात्र असा सर्वमान्य संकेत नाही. पडलेले पान संहितेचा भाग की संहितेबाहेरचा अपघात, हे वाचणाराच ठरवतो, आणि तेही पान पाहिल्यानंतर.

मराठी परंपरेत योगायोगाला बोलते करण्याची सर्वांत सुघटित रीत कोकणात आणि गोव्यात आढळते. ती म्हणजे देवाला कौल लावणे. मूर्तीवर किंवा पाषाणावर ओल्या पाकळ्या वा कळ्या चिकटवल्या जातात, देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते याची वाट पाहिली जाते. सामान्यतः उजवीकडची पाकळी होकार देते, डावीकडची नकार. येथेही अर्थ पडण्यातूनच निष्पन्न होतो. पण पडण्यापूर्वी तीन गोष्टी ठरलेल्या असतात. प्रश्न उच्चारलेला असतो, उजव्या-डाव्याचा अर्थ नेमलेला असतो आणि गाऱ्हाणे उघडपणे, इतरांच्या कानांवर पडेल असे घातलेले असते. त्यामुळे नकोसे उत्तर येण्याची वाट मोकळी राहते. कधी पाकळी पडतच नाही, आणि देवाचे हे मौनही मान्य करावे लागते.

‘कौल’ हा शब्द मुळात अरबी. वचन, बोल हा त्याचा अर्थ. मराठीत तो राज्यकारभारातील अभयपत्राला लागला, देवाच्या निर्णयाला लागला आणि आज मतदारांच्या निर्णयालाही लागतो. शकुनासाठीचा ‘फाल’ हा शब्दही अरबीच. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा शेजारी नांदतात. त्या भाषांच्या परंपरा एकत्र ठेवून पाहिल्या की हा प्रश्न एका धर्माचा वा प्रांताचा राहत नाही. फारसी-उर्दू परंपरेत हाफिजचा दिवाण उघडून समोर येणाऱ्या ओळींवरून फाल पाहिला जाई. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयातील अशा एका प्रतीच्या समासात हुमायून आणि जहांगीर यांनी पाहिलेल्या फालांच्या नोंदी आहेत. तमिळ-तेलुगू प्रदेशांत पोपटाकडून पान काढवणारा ज्योतिषी परिचित आहे. तेथे निवड माणसाच्या हातून काढून पक्ष्याच्या चोचीत दिली जाते. पण पाने कोणती असावीत आणि त्यांचा अर्थ काय, हे माणसानेच ठरवलेले असते. योगायोग निवड करतो, अर्थ देत नाही.

साहित्याच्या संदर्भात येथे एक भेद करावा लागतो. संहितेच्या आत येणारा योगायोग आणि संहितेच्या बाबतीत घडलेला योगायोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहाचे नावच रमलविद्येकडे, म्हणजे फाशांवरून भविष्य जाणण्याकडे, बोट दाखवते. त्यातील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांतील पात्राला जे अकस्मात वाटते, ते लेखकाच्या रचनेत अकस्मात नसते. इटालियन लेखक इतालो काल्विनो यांनी १९७३ मध्ये ग्रंथरूपाने पूर्ण केलेल्या टॅरोवरील कथाकृतीत वाचा गमावलेले प्रवासी पाने मांडून आपापल्या कहाण्या सांगतात, आणि तेच पान शेजार बदलताच दुसऱ्या कहाणीत वेगळे बोलते. येथे पाने गळत नाहीत, मांडली जातात. अर्थ त्यांच्या परस्परसंबंधातून येतो.

लेखनिकाची चूक, मुद्रणदोष, लेखकाच्या लेखणीची घसर या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांकडे पाहण्याच्या दोन परंपरा आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला करताना शिरलेले अपपाठ त्यांना मळ वाटले, संदेश नव्हे. याउलट फ्रॉइडने १९०१ च्या आपल्या ग्रंथात बोलण्या-लिहिण्यातील चुकांना दडपलेल्या इच्छेची खूण मानले. दोन्ही भूमिका आपापल्या क्षेत्रात समर्थनीय आहेत. आपत्ती येते ती समीक्षक सोयीनुसार एकीकडून दुसरीकडे उडी घेतो तेव्हा. आपल्या सिद्धान्ताला अनुकूल चूक तो ‘अर्थपूर्ण’ म्हणून उचलतो आणि प्रतिकूल चूक ‘मुद्रणदोष’ म्हणून वगळतो. टॅरो वाचणाराही एक गळलेले पान वाचतो आणि दुसरे हाताच्या अडाणीपणावर घालून परत गठ्ठ्यात टाकतो, तेव्हा हेच करत असतो.

या स्वातंत्र्याची किंमत प्रश्न विचारणारा मोजतो. तो बहुधा अडचणीत सापडलेला असतो : घरात आजार असतो, लग्न अडलेले असते, माग बंद पडलेला असतो. त्याच्या श्रद्धेची टवाळी करणारा विवेकवाद त्याची गरज समजून घेत नाही. पण ‘हे मी सांगत नाही, पान सांगते’ असे म्हणणारा भाष्यकार त्याहून मोठा अन्याय करतो, कारण निर्णय स्वतः घेऊन तो त्याचे दायित्व मात्र योगायोगावर ढकलतो. ‘हे मी म्हणत नाही, संहिताच म्हणते’ या समीक्षेतील परिचित वाक्याचे स्वरूपही याहून निराळे नाही.

गळलेले पान वाचूच नये, असा याचा निष्कर्ष नाही. ते वाचायचे असेल तर गळलेली सारी पाने वाचावीत, आणि हा नियम पिसण्याआधी सांगावा. कौल लावणाऱ्याने पाळलेली ही शिस्त समीक्षकालाही स्वीकारता येईल. एखादी घसर पुरावा म्हणून पुढे करण्यापूर्वी त्याने एवढेच विचारावे : हीच घसर आपल्या प्रतिपादनाविरुद्ध गेली असती, तरीही ती आपण नोंदवली असती काय?