६४१ कुठून आला?

२ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही संख्या मूळ आहे अशी फर्माची समजूत होती. १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा तिचा विभाजक दाखवला. गणिताच्या गोष्टी सांगणारी बहुतेक पुस्तके येथेच थांबतात. आमचा आक्षेप त्यालाच आहे. वाचणाऱ्याला ६४१ योगायोगाने सापडल्यासारखा वाटतो. वास्तविक या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते, हे ऑयलरनेच पुढे सिद्ध केले. ही अट लावली की क्रमाने तपासायच्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य, भागाकार ६७,००,४१७. शिक्षकांनी हे पाचही भागाकार वर्गात करून घ्यावेत. अट वगळली, तर विद्यार्थ्यांना ऑयलर जादूगार वाटेल.