मिशनरी साधनांची चिकित्सा

स्टीफन हिस्लॉप ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८८३ साली नागपुरात स्थापन झालेल्या ख्रिस्ती महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्याने प्रथम हिस्लॉपांचेच लेखन तपासावे, असे आम्हांस वाटते. मध्य प्रांतांतील आदिम जमातींविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ साली संपादून प्रसिद्ध केली. लिंगोचे गोंडी गीत हा त्या ग्रंथाचा मोलाचा भाग होय. परंतु ते गायिले परधानाने, टिपले मिशनऱ्याने आणि वाचकांपुढे ठेविले राज्यकर्त्याने. ह्या तीन हातांच्या खुणा वेगळ्या केल्यावाचून त्यास निव्वळ गोंडांचा आवाज मानता येणार नाही. उलटपक्षी, धर्मप्रसारकाचे म्हणून ते त्याज्य ठरविणे हीही चिकित्सा नव्हे.

टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परततानाच १८६३ साली हिस्लॉप बुडून वारले. सुमारे शतकानंतर नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खनन केले, आणि त्यांच्या जिज्ञासेस जमिनीतील पुराव्याची जोड मिळाली. पवनी तालुक्यातील कोंढ्याहून नागपुरास येणाऱ्या विद्यार्थ्याला हा धडा परका नाही. त्याच्या शेजारी पवनीस १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. लिखित साधन वाचावयाचे ते अशा भूमीच्या साक्षीने.

ज्याचे नाव संस्थेने धारण केले, त्याच्याही लेखनाची चिकित्सा जेथे निःसंकोच होते, तेथेच इतिहासाचे अध्यापन होते. एरवी होते ते केवळ स्मरण.