स्त्रीधर्मपद्धति : विधि आणि वस्तुस्थिति

तंजावरास भोसल्यांचें राज्य असतां अठराव्या शतकांत त्र्यंबकयज्वा या पंडितानें ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा संस्कृत निबंध रचला. ज्यूलिया लेस्ली या विदुषीनें त्याचें सविस्तर विवेचन इंग्रजींत इ. स. १९८९ मध्यें प्रसिद्ध केलें. अशा ग्रंथावरून तत्कालीन गृहिणीचें चित्र काढावयाचें झाल्यास तो कोणत्या मर्यादेंत प्रमाण मानावा, एवढाच येथें विचार कर्तव्य आहे.

पतीच्या आधीं उठणें, दळण, सडासंमार्जन, सारवण, उंबरठ्याचें पूजन, अग्निसेवा, अतिथिसत्कार, भोजन, शयन अशी पत्नीची दिनचर्या ग्रंथांत क्रमानें दिली आहे. पतिशुश्रूषा हाच स्त्रीचा मुख्य धर्म, हा ग्रंथकाराचा सिद्धांत. धर्मशास्त्र, महाभारत व पुराणें यांतील वचनें त्यानें मोठ्या परिश्रमानें एकत्र केलीं आहेत. संग्रह या दृष्टीनें ग्रंथाची योग्यता निर्विवाद आहे.

त्याचा युक्तिवाद मात्र तपासून पाहावा. स्त्रीस्वभाव मूळचाच दुष्ट, तर तिला उपदेश व्यर्थ, असा पूर्वपक्ष घेऊन सदाचरणानें शुद्धि होते असें तो उत्तर देतो. दोष जन्मजात म्हणावयाचा आणि तो फेडण्याचा भारही तिच्याच माथीं ठेवावयाचा, हा न्याय एकांगी होय. पति गुणहीन असला तरी सेव्यच, हें मनुवचन तर प्रसिद्धच आहे.

शास्त्राची रीति अशी कीं, विधि अप्राप्ताचा असतो आणि निषेध प्राप्ताचा. सर्व स्त्रिया आपण होऊन असें वागत असत्या, तर एवढ्या विधिनिषेधांचें प्रयोजनच उरलें नसतें. तेव्हां पुरुषांच्या अपेक्षांस हा ग्रंथ उत्तम साक्षी; स्त्रियांच्या आचरणास नव्हे. त्याच नगरांत प्रतापसिंहाच्या कारकीर्दींत (१७३९–६३) मुद्दुपळनीनें ‘राधिकासांत्वनमु’ हें तेलुगु काव्य रचलें. पण ती गणिका होती. विवाहबंधनाबाहेरील स्त्रीस जी वाणी लाभली, ती गृहिणीची कोठें शोधावी?

ती मोडी दप्तरांत शोधावी. दानपत्रें, वाटणीपत्रें, फिर्यादी, घरखर्चाच्या वह्या यांत स्त्रिया देतांना, मागतांना, भांडतांना भेटतात. पोथी रुमालांत जपली जाते आणि हे कागद रद्दींत जातात. संग्राहकांनीं दोहोंस एकच रुमाल द्यावा. एरव्हीं उपदेश तेवढा शिल्लक राहील आणि जिला तो केला, ती नाहींशी होईल.