शहर म्हणजे झाड नव्हे : एका जुन्या निबंधाचे पुनर्वाचन

१९६५ साली अमेरिकेतील 'आर्किटेक्चरल फोरम' या मासिकाच्या एप्रिल आणि मे अंकांत एक निबंध दोन भागांत छापून आला. शीर्षक होते 'ए सिटी इज नॉट अ ट्री', म्हणजे 'शहर हे झाड नव्हे'. लेखक ख्रिस्तोफर अलेक्झांडर तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. जन्म व्हिएन्नाचा, गणित आणि वास्तुकलेचे शिक्षण केंब्रिजला, डॉक्टरेट हार्वर्डची. २०२२ साली ते वारले. निबंध लिहिला तो शहरांची आखणी करणाऱ्यांसाठी, पण पुढे संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनीही तो आपलासा केला. शिक्षकांच्या तो फारसा वाचनात येत नाही. यायला हवा, कारण त्यातले गणित नववीच्या संचांपलीकडे जात नाही आणि तरीही ते गणित कोठे लागू पडते हे पाहून वाचक थक्क होतो.

शीर्षकातले झाड हे पानाफुलांचे झाड नव्हे. ती एक रचना आहे. संचांचा एक समूह घ्या. त्यातले कोणतेही दोन संच निवडले, तर एकतर एक संच दुसऱ्याच्या पूर्णपणे पोटात असला पाहिजे, नाहीतर दोघांत एकही सामाईक घटक नसला पाहिजे. ही अट पाळणाऱ्या समूहाला अलेक्झांडर 'झाड' म्हणतात. जिल्हा, तालुका, गाव ही उतरंड म्हणजे झाड. दुसऱ्या प्रकारच्या रचनेत दोन संच एकमेकांना छेदू शकतात; मात्र ते छेदत असतील तर त्यांचा छेदसंचही त्या समूहात असला पाहिजे. याचे गणिती नाव 'सेमीलॅटिस'. आपण सोयीसाठी 'जाळी' म्हणू. निबंधाचे म्हणणे एवढेच की जुनी, नांदती शहरे जाळीसारखी असतात आणि नकाशावर एकहाती आखलेली शहरे झाडासारखी होतात. म्हणून ती निर्जीव वाटतात.

हे पटवण्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण साधे आहे. बर्कले गावात दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक औषधांचे दुकान आहे, दुकानाबाहेर वर्तमानपत्रांची मांडणी आहे आणि समोर वाहतुकीचा दिवा. दिवा लाल झाला की थांबलेली माणसे वर्तमानपत्रांचे मथळे वाचतात, कोणी एखादा अंक विकतही घेतो. आता दिवा वाहतूक खात्याचा, मांडणी दुकानदाराची, फरसबंदी नगरपालिकेची. कोणत्याही तक्त्यात या तीन गोष्टी एका चौकटीत येणार नाहीत. तरी त्या मिळून एक काम करतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावचे एसटी स्टँड पाहा. शाळा पाचला सुटते, वस्तीवरची गाडी साडेसहाला. मधला दीड तास मुले बाकांवर बसून गृहपाठ करतात, चौकशीच्या खिडकीतला माणूस त्यांच्यावर नजर ठेवतो, कँटीनवाला उधारीवर चहा देतो. शिक्षण खात्याच्या नकाशात ही अभ्यासिका नाही आणि परिवहन खात्याच्याही नाही. ती दोन संचांच्या छेदात आहे. स्टँड गावाबाहेर हलवले की ती नाहीशी होते, आणि तिची नोंदच नसल्याने काही नाहीसे झाले हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

मुलांच्या खेळाबद्दल निबंधात दोन परिच्छेद आहेत, तेही याच जातीचे. कुंपण घातलेले क्रीडांगण हे झाडाच्या फांदीला लटकवलेले 'खेळ' नावाचे पान आहे. खरी मुले जिन्यात, गल्लीत, बांधकामाच्या वाळूवर, रोज नव्या जागी खेळतात.

आता संख्येकडे वळू. २० घटक असतील तर झाडात एकेरी घटक सोडून जास्तीत जास्त १९ संच मावतात, उलट जाळीत दहा लाखांहून अधिक मावू शकतात, असे अलेक्झांडर सांगतात. हिशेब बरोबर आहे आणि वर्गात करून पाहण्याजोगा आहे. चार घटक घ्या. झाडात तीन संच बसतील. दोन किंवा अधिक घटकांचे एकूण उपसंच मात्र १६ वजा ५, म्हणजे ११. वीस घटकांचे एकूण उपसंच १०,४८,५७६. पण लेखक या आकड्याच्या थोडे प्रेमात पडले आहेत असे वाटते. दहा लाख संच शक्य आहेत म्हणून ते सगळे अर्थपूर्ण आहेत असे होत नाही. दिवा, मांडणी आणि फरसबंदी यांचा संच काम करतो. दिवा, तिसऱ्या मजल्यावरची खिडकी आणि शेजारच्या गल्लीतला नळ यांचा करत नाही. कोणता छेद जपायचा हे ओळखण्याची कसोटी निबंधात नाही. कोणता छेद योग्य हे दाखवणारे आराखडे आपण अजून देऊ शकत नाही, असे लेखकच शेवटाकडे कबूल करतात, ते प्रामाणिकपणाचे आहे.

झाडाची सवय आपल्याला का लागते? त्यांचे उत्तर : मनाची मर्यादा. संत्रे, कलिंगड, अमेरिकन फुटबॉल आणि टेनिसचा चेंडू या चार वस्तू लक्षात ठेवायच्या आहेत. कोणी फळे आणि चेंडू अशी जोडी लावील, कोणी लहान गोल आणि मोठे लांबट अशी. प्रत्येक वाटणी स्वतंत्रपणे झाड आहे. दोन्ही एकत्र घेतल्या तर जाळी. दोन्ही वाटण्या एकाच वेळी डोळ्यांसमोर आणता येत नाहीत, म्हणून आखणी करणारा एक धरतो आणि दुसरी सोडतो, असे त्यांचे म्हणणे.

हे अर्धेच खरे वाटते. मराठी घरात वाढलेल्या मुलाला नात्यांची जाळी सहज पेलते. वंशावळीला आपण वंशवृक्ष म्हणतो खरे, पण सून सासूला 'आत्याबाई' म्हणते तेव्हा एकच बाई दोन संचांत उभी असते आणि कोणाचाही गोंधळ उडत नाही. तेव्हा मर्यादा मनाची की कागदाची, हा प्रश्न उरतो. मद्रासचे गणिताचे अध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन ग्रंथपाल झाले आणि १९३३ साली त्यांनी ग्रंथांच्या वर्गीकरणाची 'कोलन' पद्धत प्रसिद्ध केली. एका पुस्तकाला एकच फांदी देण्याऐवजी विषय, पदार्थ, क्रिया, स्थळ, काळ अशा अनेक अंगांनी त्याचा क्रमांक बांधायचा, ही तिची कल्पना. म्हणजे कागदावरही जाळी बसवता येते हे अलेक्झांडर यांच्या निबंधाआधी बत्तीस वर्षे एका गणितशिक्षकाने दाखवले होते.

निबंधातले सर्वांत कच्चे विधान मात्र वेगळे आहे. अलेक्झांडर शहरांचे दोन वर्ग करतात : 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम'. नैसर्गिकांत सिएना, लिव्हरपूल, क्योटो, मॅनहॅटन. कृत्रिमांत चंदीगड, लेव्हिटटाउन आणि ब्रिटनमधली नवी नगरे. पण मॅनहॅटनच्या बहुतेक रस्त्यांची काटकोनी आखणी १८११ साली सरकारी आयुक्तांनी पट्टी घेऊन केलेली आहे, आणि क्योटो ही आठव्या शतकाच्या अखेरीस सम्राटाच्या आज्ञेने चौकटीत आखलेली राजधानी आहे. झाडाविरुद्ध लिहिणाऱ्याने शहरांची वाटणी मात्र दोन फांद्यांच्या झाडातच केली, ही गंमत आहे. मॅनहॅटनला सजीव करणारा घटक आखणीचा अभाव नव्हे. आखणीवर दीडशे वर्षे माणसांनी केलेली कुरघोडी हा तो घटक. चंदीगड १९५० च्या दशकातले. निबंध लिहिला तेव्हा त्याचे वय पंधराच्या आत होते. ल कॉर्बुझिए यांनी सुमारे ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर आखले, प्रत्येकाला स्वतःचा बाजार दिला. तरी हातगाड्यांचे बाजार आपल्या जागा शोधत राहिले. सार्वजनिक बांधकाम खात्यातले एक रस्ते-निरीक्षक, नेकचंद, यांनी शहराच्या कडेच्या राखीव जंगलात टाकाऊ कपबश्या आणि फरशांच्या तुकड्यांतून चोरून एक बाग रचली. १९७६ साली ती अधिकृतपणे खुली झाली. रॉक गार्डन कोणत्याच फांदीवर नव्हती. अलेक्झांडर यांच्या मांडणीत काळ हा घटकच नाही.

संगणकाच्या जगात हा निबंध का वाचला जातो, हे आता ध्यानात येईल. फाइल एका फोल्डरमध्ये, ते फोल्डर दुसऱ्यात : हे झाड. १९६० च्या दशकात आयबीएमने अपोलो मोहिमेच्या यानाच्या सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी जी माहितीप्रणाली बनवली, तीही झाडाच्याच आकाराची. यंत्राच्या भागांना तो आकार बरा शोभतो. माणसांच्या माहितीला शोभत नाही. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती सपाट तक्त्यांत ठेवून तिच्यातले संबंध हवे तसे जोडण्याची पद्धत मांडली आणि ती अडचण तत्त्वतः संपली. पुढे १९८७ पासून केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांच्यासारख्यांनी अलेक्झांडर यांच्या १९७७ च्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथाची कल्पना आज्ञावलींना लावली. १९९४ साली चार लेखकांचे 'डिझाइन पॅटर्न्स' आले, त्यात २३ नमुने आहेत. मूळ ग्रंथात २५३ होते आणि त्यांत खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा, सज्जा सहा फुटांहून अरुंद नको, असल्या राहणाऱ्या माणसाच्या गोष्टी होत्या. संगणकवाल्यांच्या २३ नमुन्यांत राहणारा माणूस नाही; आहे तो फक्त बांधणारा. १९९६ साली सॅन होजे येथे त्यांच्याच परिषदेत अलेक्झांडर यांनी, या नमुन्यांनी माणसाचे जगणे सुधारले का, असा प्रश्न त्यांना विचारला होता.

पण हाच प्रश्न अलेक्झांडर यांनाही विचारायला हवा, आणि तो विचारण्याचा अधिकार आपल्याला विशेष आहे. या निबंधाआधी एकच वर्ष, १९६४ मध्ये, त्यांचे 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' हे पुस्तक आले होते. त्याच्या परिशिष्टात ६०० वस्तीच्या एका भारतीय खेड्याची फेरआखणी आहे. गुजरातेतल्या खेड्यात ते काही काळ राहिले होते. त्यांनी गावाच्या १४१ गरजा लिहिल्या, कोणती गरज कोणत्या गरजेशी निगडित आहे याच्या जोड्या लावल्या आणि आयबीएम ७०९० या संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावलीच्या पद्धतीने त्यांची चार मोठ्या आणि बारा लहान गटांत वाटणी केली. म्हणजे झाड बनवले! पुढच्या वर्षीचा निबंध हा स्वतःच्याच पद्धतीवरचा हल्ला आहे, हे लक्षात घेतले तर त्याचे मोल वाढते.

मात्र त्या यादीतली पहिली नोंद पाहा : हरिजनांना विटाळ मानले जाते, अस्पृश्य समजले जाते. दुसरी मृतांच्या विल्हेवाटीची, तिसरी घराचे दार दक्षिणेला नसावे ही. यादीच्या पद्धतीत सर्व नोंदींचा दर्जा सारखा आहे; पाणी, गुरे, विटाळ, दक्षिणेचे दार, सगळे सारखेच ठिपके. संगणकाने ठिपक्यांमधल्या रेघा मोजल्या. एखादी 'गरज' भागवायची की मोडायची, हे रेघा मोजून कळत नाही.

आणि १९६५ च्या निबंधातही हे निसटले. झाड हे आखणाऱ्याच्या मनाच्या मर्यादेतून येते, असे निबंध सांगतो. आपल्या गावांत वेशीबाहेरची वस्ती, वेगळी विहीर, वेगळे मसणवट ही एकमेकांना न छेदणारी रचना कोणा नगररचनाकाराने कागदावर काढली नव्हती. ती शतकानुशतके 'नैसर्गिक'पणे वाढली आणि बळाने राखली गेली. बायका पाण्यावर भेटतात, बोलतात, हे अलेक्झांडर यांनी खेड्यात टिपले होते. पाणवठा हा छेद आहे हे त्यांना दिसले. कोणाचा छेद, हे विचारायचे राहिले.

महाडचे चवदार तळे याचे उत्तर आहे. १९२३ साली मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर केला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर छेदसंच तयार झाला. प्रत्यक्षात इतर धर्मांची माणसे आणि गुरेढोरे त्या संचात होती, अस्पृश्य नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याची 'शुद्धी' झाली, खटला गेला तो १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात सुटला. छेद हा असा घडतो. निबंधाच्या सुबक आकृत्यांत दोन वर्तुळे एकमेकांवर सरकतात, तेव्हा त्यात कोणाचे डोके फुटत नाही.

हे संगणकाच्या आजच्या नोंदींनाही लागू आहे. ऊसतोडणी कामगाराचे मूल दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून निघते, कारखान्याच्या तळावर चार-पाच महिने राहते आणि उन्हाळ्यात परत येते. ते दोन शाळांचे आहे. नोंदीच्या तक्त्यात 'शाळा' या शब्दापुढे एकच चौकट असेल, तर वर्षातला निम्मा काळ ते मूल कोठेच नसते. कॉड यांच्या पद्धतीने प्रत्येक मुक्कामाची एक ओळ ठेवणे हे अगदी नवशिक्या आज्ञावलीकारालाही जमेल. ते होत नाही याचे कारण तंत्रात नाही. चौकट ठरवताना त्या तळावरचा शिक्षक खोलीत नसतो.

निबंध इंग्रजीत आहे, लहान आहे, आकृत्या भरपूर आहेत. संत्रे-कलिंगडाचा भाग नववीच्या वर्गात एका तासात होतो. मुलांना चार वस्तू आणायला सांगाव्यात आणि फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी वर्तुळे काढावीत. वीस घटकांचा हिशेब हुशार मुले घरी करून आणतात. त्यांना पुढे, आपल्या गावातले पाणवठे आणि ते कोण वापरते यांचे संच काढायला सांगता येईल. पण ते करण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः एकदा गावातून फिरून यावे.